जरा गाडी देता का?

दिवाळीची सुट्टी लागली की दिल्ली, नोएडा, गुरुग्राममधल्या मराठी घरांत पाहुण्यांची वर्दळ सुरू होते. नाशिकची नणंद, नागपूरचे साडू, पुण्याहून आलेला भाचा आणि त्याचे दोन मित्र. लाल किल्ला, कुतुबमिनार, अक्षरधाम मेट्रोने पाहून होते. तिसऱ्या रात्री जेवणे आटोपल्यावर विषय निघतो आग्र्याचा किंवा हरिद्वारचा आणि कुणीतरी अगदी सहज म्हणते, ‘‘तुमची गाडी तर खाली उभीच असते ना? उद्या आम्हीच घेऊन जातो. तुम्ही कशाला त्रास घेता!’’

तुम्ही नवऱ्याकडे पाहता, नवरा टीव्हीकडे पाहतो आणि दोघांपैकी कुणाच्या तरी तोंडून ‘‘हो, न्या की’’ निघून जाते. त्यानंतर रात्री ते परत येईपर्यंत तुमचे लक्ष फोनवर असते.

गाडी देऊ नका असे सांगण्यासाठी हा लेख नाही. आपल्या माणसांपासून हजार-दीड हजार किलोमीटर दूर राहणाऱ्यांना देण्याघेण्याचे मोल जास्त कळते. रात्री दोन वाजता शेजाऱ्याची गाडी मिळाली म्हणून वेळेत रुग्णालयात पोहोचलेली कितीतरी कुटुंबे या शहरात आहेत. प्रश्न एवढाच आहे की किल्ली हातावर ठेवताना तिच्यासोबत आणखी काय काय देतो, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत असते?

आधी पाहा, गाडी कोणाच्या नावावर आहे

गाडी कुणीही चालवली तरी कायदा आधी आरसीवरचे नाव शोधतो. वेगमर्यादेचे कॅमेरा चलन त्याच नावाने येते. अपघातात दुसऱ्याला इजा झाली तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस चालकाबरोबर मालकालाही जाते. हे नाव किती चिवट असते याचे एक उदाहरण पाहा. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर एक प्रकरण आले. गाडी मूळ मालकाने विकली होती, पुढे ती आणखी हातांतून गेली, पण आरसीवरचे नाव कुणी बदललेच नव्हते. अपघात झाला तेव्हा न्यायालयाने कागदोपत्री जो मालक होता त्यालाच जबाबदार धरले. विकून मोकळ्या झालेल्या माणसाची ही गत, मग चार दिवसांसाठी दिलेल्या गाडीचे काय सांगावे?

अनेक घरांत गाडी बायकोच्या नावावर घेतलेली असते. देण्याचा निर्णय मात्र नवरा मित्रमंडळींत बसल्या बसल्या घेतो. मित्र गाडी घेऊन जयपूरला जातो, चलन येते ते हिच्या नावाने आणि दुर्दैवाने काही गंभीर घडलेच तर पोलीस विचारणार तेही हिलाच, ‘‘त्या दिवशी गाडी कोण चालवत होते?’’ मोटार वाहन कायद्याच्या कलम १३३ नुसार ही माहिती देणे मालकाचे कर्तव्य आहे. म्हणून घरात एक नियम असू द्या : आरसीवर ज्याचे नाव, त्याला विचारल्याशिवाय होकार द्यायचा नाही. नवऱ्यानेही नाही, सासूबाईंनीही नाही.

विमा आहे, मग काळजी कशाला?

हे वाक्य तुम्ही नक्की ऐकले असेल. ते अर्धे खरे आहे. आपल्याकडे मोटारविमा गाडीला चिकटलेला असतो. तुमच्या परवानगीने, वैध लायसन्स असलेल्या कुणीही गाडी चालवली तरी विमा लागू राहतो. तिऱ्हाईताला झालेल्या इजेची किंवा मृत्यूची भरपाई विमा कंपनी देते. पण तुमची पॉलिसी फक्त थर्ड पार्टी असेल तर तुमच्या स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीचा एक रुपयाही मिळत नाही. जुन्या गाडीवर पैसे वाचवायला अनेक जण हीच पॉलिसी घेतात आणि विसरून जातात. आजच पॉलिसी उघडून पाहा.

चालक दारू प्यायलेला असेल किंवा त्याच्याकडे लायसन्सच नसेल तर गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारला जातो. तिऱ्हाईताला न्यायालय विमा कंपनीकडून पैसे द्यायला लावू शकते, पण मग कंपनी ते मालकाकडून वसूल करू शकते. अपघातात माणूस गेला असेल तर ही रक्कम लाखांत जाते.

आता नो क्लेम बोनसचा हिशेब. पाच वर्षे एकही दावा केला नाही तर स्वतःच्या नुकसानीच्या प्रीमियमवर ५० टक्के सूट मिळते. एक दावा केला की ती शून्यावर येते आणि मग पुन्हा २०, २५, ३५, ४५ अशी एकेक पायरी चढावी लागते. समजा सुटीआधीचा हा प्रीमियम १२,००० रुपये आहे आणि तो तेवढाच राहिला असे धरले, तर दाव्यानंतर तुम्ही पहिल्या वर्षी ६,०००, मग ३,६००, ३,०००, १,८०० आणि ६०० रुपये जास्त भरता. एकूण १५,०००. म्हणजे भाच्याने दार घासून आणले, दुरुस्ती ९,००० ची निघाली आणि ‘‘मामी, विम्यातून करून घ्या ना’’ असे तो म्हणाला, तर ते फुकटात झालेले नसते. सूट वाचवणारे वेगळे संरक्षण घेतले नसेल तर असा लहान दावा न करणेच स्वस्त पडते. हा हिशेब भाच्यालाही दाखवा. तरुण मुलांना आकडे चटकन कळतात.

पण विम्यातली सर्वात मोठी फट पैशांच्या या हिशेबात दिसत नाही. गाडी मागून नेणाऱ्यालाच काही झाले तर काय?

कर्नाटकातला एक माणूस दुसऱ्याची मोटारसायकल मागून घेऊन गावी निघाला होता. वाटेत बैलगाडीवर आदळून तो गेला. त्याच्या पत्नीने त्या मोटारसायकलच्या विमा कंपनीकडे भरपाई मागितली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की जो वाहन मागून चालवतो तो मालकाच्याच जागी उभा असतो, त्यामुळे चूक कुणाची हे न पाहता भरपाई देणाऱ्या त्या वेळच्या कलमाखाली त्याच्या वारसांना त्याच वाहनाच्या विम्यातून मागणी करता येणार नाही. २०२० मध्ये राजस्थानातल्या अशाच एका प्रकरणात हेच तत्त्व पुन्हा लागू झाले. तिथे कुटुंबाच्या हाती आले ते पॉलिसीतल्या वैयक्तिक अपघात संरक्षणाचे एक लाख रुपये.

तुमच्या पॉलिसीत ‘मालक-चालक’ म्हणून १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण दिसेल. ते आरसीवरच्या मालकासाठी आहे आणि त्याच्याकडे लायसन्स असेल तरच. तुमचा दीर, मेहुणा, मित्र त्यात येत नाही. गाडी बायकोच्या नावावर असेल तर रोज ती चालवणारा नवरासुद्धा त्यात येत नाही! सहप्रवाशांसाठी आणि इतर चालकांसाठी वेगळे संरक्षण जोडून घेता येते आणि त्याचा खर्च एखाद्या हॉटेलातल्या जेवणाच्या बिलाच्या आसपास असतो. घरात पाहुण्यांची आणि गाडी मागणाऱ्यांची ये-जा असेल तर पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी एजंटला हे नक्की विचारा.

लायसन्स दाखव, असे जावयाला कसे म्हणायचे?

म्हणायचेच. थोडी युक्ती करा. ‘‘जावईबापू, तुमच्या लायसन्सचा फोटो पाठवून ठेवा हं, सोसायटीच्या गेटवर कधी विचारतात,’’ असे म्हटले की कुणी दुखावत नाही. फोटो आला की वैधतेची तारीख पाहा. चाळिशी-पन्नाशीतल्या कितीतरी लोकांचे लायसन्स कधीचे संपलेले असते आणि त्यांना पत्ताच नसतो. लायसन्स नसलेल्याला गाडी चालवू दिल्याबद्दल मालकाला कलम १८० खाली ५,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. शिकाऊ लायसन्सवर एकट्याने चालवता येत नाही, शेजारी पक्के लायसन्स असलेला माणूस हवा आणि गाडीवर ‘एल’ची पाटी हवी.

अमेरिकेहून आलेल्या चुलत दिरांची गोष्ट वेगळी. तिथले लायसन्स खिशात असले तरी सोबत आंतरराष्ट्रीय वाहन परवाना हवा. शिवाय पंधरा वर्षे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवणाऱ्या माणसाला धौला कुआंच्या चौकात एकटे सोडणे हा त्यांच्यावरही अन्यायच.

आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलांबाबत एक शब्दही ऐकून घेऊ नका. ‘‘अहो, गावाकडे तो ट्रॅक्टर चालवतो’’ हे कौतुक गावाकडेच राहू द्या. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये १७ वर्षांच्या मुलाच्या हातातल्या पोर्शेने दुचाकीवरच्या दोन तरुण इंजिनीअरांचा जीव घेतला. पुढे मुलाच्या वडिलांनाही अटक झाली. २०१९ मध्ये कायद्यात कलम १९९ अ आले. त्यानुसार अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो : तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. ‘आम्हाला माहीतच नव्हते’ हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते. किल्ली दाराजवळच्या खुंटीला टांगलेली असेल तर ते सिद्ध करणे किती अवघड जाईल, याची कल्पना करा. पाहुण्यांत अशी मुले असतील त्या आठवड्यात किल्ली कपाटात ठेवा.

दिल्लीची गाडी, दिल्लीचे नियम

बाहेरून आलेल्या माणसाला इथल्या काही गोष्टी ठाऊक नसतात आणि दंड मात्र तुम्हाला बसतो.

हिवाळ्यात हवा बिघडली की ग्रॅपचे टप्पे लागू होतात. तिसऱ्या टप्प्यात बीएस ३ पेट्रोल आणि बीएस ४ डिझेलच्या मोटारी दिल्ली, गुरुग्राम, फरीदाबाद, गाझियाबाद आणि गौतम बुद्ध नगरमध्ये चालवायला बंदी असते. मोडल्यास दंड २०,००० रुपयांचा. तुमची डिझेल गाडी एप्रिल २०२० पूर्वीची असेल तर ती बहुधा यात सापडेल. टप्पा संध्याकाळी जाहीर होतो आणि हरिद्वारहून परतणाऱ्या भावोजींना त्याची काहीच खबर नसते. पीयूसी संपलेली असेल तर १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. ती गाडी देण्याआधी तुम्हीच तपासायची.

आग्र्याला जाणारा यमुना एक्स्प्रेस वे १६५ किलोमीटरचा, सरळसोट. मोटारींसाठी वेगमर्यादा ताशी १०० किलोमीटर आणि धुक्याच्या दिवसांत ती ७५ पर्यंत खाली आणली जाते. कॅमेरे जागोजागी. रस्ता काँक्रीटचा आहे, त्यामुळे उन्हाळ्यात जुने टायर भलतेच तापतात आणि फुटतात. शहरात रोज आठ किलोमीटर ऑफिसला जाणाऱ्या तुमच्या गाडीचे टायर या रस्त्यासाठी कसे आहेत, हे टायरवाल्याला दाखवूनच ठरवा. टायर धड नसतील तर गाडी देऊ नका, अगदी सख्ख्या भावालाही.

फास्टॅग तुमच्या खात्याला जोडलेला असतो, हे तर माहीत आहेच. त्याची एक गंमतही आहे. पाहुणे ‘‘जरा मथुरेपर्यंत जाऊन येतो’’ म्हणून निघतात आणि तुमच्या फोनवर जेवर, मथुरा, मग आग्रा असे टोलचे संदेश येत राहतात. कुठे आहेत ते न विचारता कळते.

दोन गोष्टी मात्र स्पष्ट बोलून घ्या. एक, दारू. चालवणाऱ्याने प्यायची नाही हे तर झालेच (पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद), पण शेजारच्या राज्यातून मर्यादेबाहेर बाटल्या भरून दिल्लीत आणल्या तर गाडीसुद्धा जप्त होऊ शकते. दुसरी, भाडे. सोसायटीतल्या कुणी ‘‘दिवसाचे दोन हजार देतो, लग्नाच्या वऱ्हाडासाठी गाडी द्या’’ असे म्हटले तर मोहात पडू नका. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देणे परवान्याच्या नियमात बसत नाही आणि विमाही भाड्याच्या वापराला लागू नसतो. पेट्रोल भरून परत देणे हे भाडे नव्हे, ती रीत आहे.

नाही म्हणायचे असेल तर

‘‘गाडी सर्व्हिसिंगला टाकलीय’’ हे खोटे सर्वात आधी पकडले जाते. तासाभराने पाहुण्यांची मुले खाली खेळायला जातात आणि बी-२७ वर तुमची गाडी उभी दिसते. त्यापेक्षा नियम सांगा, तोही सगळ्यांसाठी सारखा : ‘‘आम्ही दोघांनी ठरवलंय, हायवेला गाडी आमच्यापैकी कुणीतरी असल्याशिवाय पाठवायची नाही.’’ मग तो नियम सासर आणि माहेर दोन्हीकडे पाळा. माहेरच्या भावाला दिली आणि दिराला नाकारली, की तो नियम उरत नाही, त्याचे भांडण होते आणि ते गाडी विकल्यावरही संपत नाही.

आपल्याकडे शेतीत इर्जिक नावाची प्रथा होती. गावातले शेतकरी आपापले नांगर आणि बैल घेऊन एकाच्या शेतावर जमायचे, दिवसभरात नांगरट उरकायची आणि शेवटी सगळ्यांचे जेवण. पण बैलजोडी एकटी जात नसे, तिच्यासोबत तिचा धनी किंवा गडी जाई. कोकणात कुणी होडी मागितली तर होडीवाला बहुधा स्वतःच वल्हे हातात घेतो, कारण खाडीतला प्रवाह त्याला ठाऊक असतो. मला तोच मार्ग गाडीसाठीही सर्वात शहाणपणाचा वाटतो. शक्य असेल तर स्वतः चालवत न्या. नसेल तर दिवसासाठी चालक ठरवून द्या. दिल्ली, नोएडा, गुरुग्राममध्ये तासावर आणि दिवसावर चालक सहज मिळतात आणि इथले रस्ते त्यांना पाठ असतात. पाहुण्यांनाही मागच्या सीटवर बसून सकाळचे पराठे शांतपणे खाता येतात. पाचपेक्षा जास्त माणसे असतील तर पिवळ्या पाटीची मोठी टॅक्सी करा आणि हवे तर अर्धे पैसे तुम्ही द्या. नो क्लेम बोनस गमावण्यापेक्षा हे खूपच स्वस्त. स्वतःच चालवायची हौस असेल तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेल्या सेल्फ ड्राइव्ह गाड्या भाड्याने मिळतात.

अपवाद एकच. कुणाच्या घरी आजारपण आले, रात्री-अपरात्री दार वाजले, तर नियमांची यादी काढत बसू नका. ११२ ला फोन करा आणि रुग्णवाहिकेला उशीर लागणार असे दिसले तर गाडी काढा. फक्त ती तुम्ही चालवा. ज्याचे वडील मागच्या सीटवर तडफडत आहेत त्याच्या हातात स्टिअरिंग देणे बरे नव्हे.

द्यायचीच ठरली तर

ज्यांच्यावर तुमचा भरवसा आहे त्यांना मोकळ्या मनाने द्या. सतत फोन करून ‘‘कुठे पोहोचलात, हळू चालवा’’ म्हणत राहिलात तर त्यांचा ताजमहाल पाहण्यातला आनंद जातो आणि चालवणाऱ्याचे लक्षही.

आदल्या संध्याकाळी त्यांना शेजारी बसवून सोसायटीभोवती एक चक्कर मारा. पहिल्या पाच मिनिटांत हात कसा आहे ते कळते. ऑटोमॅटिक गाडी कधी न चालवलेल्या माणसाचा डावा पाय क्लच शोधत ब्रेकवर जातो, म्हणून ही चक्कर टाळू नका. आरसीचे मूळ कार्ड, विम्याची आणि पीयूसीची प्रत एका पाकिटात घालून द्या. तुमचे डिजिलॉकर तुमच्या फोनमध्ये आहे आणि वाटेत पोलिसांना तेच दाखवायचे असते, फॉरवर्ड केलेला फोटो चालत नाही. स्टेपनी, जॅक कुठे आहे ते दाखवा. डॅशबोर्डच्या कप्प्यातली घराची जादा किल्ली आणि बँकेची कागदे काढून घ्या.

मग गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढा, एक किलोमीटरच्या आकड्याचा आणि पेट्रोलच्या काट्याचाही. ते कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटावर टाका आणि खाली लिहा : ‘‘दादा-वहिनी आज सकाळी सहाला आपल्या गाडीने आग्र्याला निघाले, मजा करा!’’ वाचणाऱ्याला ही शुभेच्छा वाटते आणि तुमच्याकडे मात्र कुणी, कधी, कुठे गाडी नेली याची तारीखवार नोंद राहते.

निघताना एवढे मात्र सांगाच : काही ठोकले, घासले तर लपवू नका, तिथूनच फोन करा. कुणाला लागले असेल तर पळून जायचे नाही, आधी त्याला रुग्णालयात पोहोचवायचे आणि पोलिसांना कळवायचे. विमा कंपनीला कळवल्याशिवाय गाडी परस्पर कुठल्या गॅरेजमध्ये दुरुस्त करून आणायची नाही.

ओरखडा येऊनच गाडी परत आली तर? पैसे मागायचे की नाही, यावर नवरा-बायकोत अबोला धरण्यापेक्षा आधीच ठरवा. ठरावीक रकमेपर्यंतचे नुकसान, समजा दोन-तीन हजार, पाहुणचारात धरायचे आणि विसरायचे. त्यापुढचे असेल तर गॅरेजचे अंदाजपत्रक पाठवायचे, सोबत एकच ओळ : ‘‘एवढा खर्च सांगितलाय, अर्धा-अर्धा करू या का?’’ बहुतेक माणसे पूर्ण पैसे पाठवतात. जी पाठवत नाहीत त्यांना पुढच्या वेळी काय उत्तर द्यायचे, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको.

पाहुणे गेल्यावर पंधरा दिवसांनी परिवहनच्या ई-चलन संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक टाकून एकदा पाहून घ्या. कॅमेऱ्याचे चलन सावकाश येते. आग्र्याहून आणलेला पेठा तोवर संपलेला असतो.